संत्र्याच्या झाडांवरचे शब्द

…तर काल काडीपेटीपाशी थांबलो होतो. रामाजीच्या एका हातात काडीपेटी, दुसऱ्या हातात चिंधूची वही, आणि समोर चिंधू, पाय चिखलात, हातातलं फावडं खाली ठेवायचंही विसरलेला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. चिंधू म्हणजे भाऊरावांच्या संत्र्याच्या बागेत पाणी देणारा गडी. बाग सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना लागते. तिथल्या विहिरीवर पंप चालवायला मी. साल चौऱ्याऐंशी. दोघंही चौथी पास. पण माझी चौथी तिथंच राहिली, चिंधूची पुढं चालतच गेली.

कशी? तर पांढुर्ण्याला एका म्हाताऱ्या पास्टरच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला दोन मराठी बायबलं दिसली, एक जुनं भाषांतर, एक नवं. चाळता चाळता पाहतो, तर एकाच ओळीत एकात ‘दया’ आणि दुसऱ्यात ‘प्रेम’. हा सरळ विचारतो, “पास्टरजी, देव एकदाच बोलला असंल ना? मंग यातलं कोणतं बोलला?”

पास्टर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून जाड शब्दकोश काढला. म्हणाले, मूळ शब्द इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेतला आहे, पण तो पाहायचा तर आधी अक्षरं शीक, उजवीकडून डावीकडे. झालं! दर रविवारी स्वारी पांढुर्ण्याला. ख्रिस्ती झाला म्हणाल तर नाही. घरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते ते तसेच राहिले. इब्री जमल्यावर बायबलच्या दुसऱ्या भागासाठी ग्रीक धरली. नऊ वर्षं हेच. पास्टर वारले, शब्दकोश त्यांच्या मुलानं नेला, चिंधूपाशी उरली ती फक्त हातानं उतरवलेली वही.

आता त्याची पाठ करायची रीत ऐका. झाडाचं आळं पाण्यानं भरायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात एक शब्द, बायबलात येतो त्या क्रमानं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मूळ शब्द लिहून सुतळीनं फांदीला बांधायचा, अर्थ मात्र वहीतच. बांधाकडच्या रांगा इब्रीच्या, विहिरीकडच्या ग्रीकच्या. मी पंपावरून ओरडायचो, “कुठवर आला बे?” तो बायबलातल्या महापुरापाशी असला की म्हणायचा, “नोहा आताच नावेत बसला!”

त्या वर्षी चैत्रातच ऊन असं पेटलं की बोराएवढी संत्री झाडाखाली सडा पडल्यासारखी गळाली. सगळ्यात जास्त गळ शेजारच्या रामाजीच्या बागेत. रामाजी बांधावर आला आणि त्याला दिसल्या त्या चिठ्ठ्या. उलटी-सुलटी अक्षरं, सुतळीच्या गाठी, त्याच्याच बांधाला लागून. करणीचा संशय यायला आमच्याकडं एवढं पुरे. चार माणसं घेऊन आला, चिंधूच्या खोपटातून वही काढली, खिशातून काडीपेटी. काल इथंच थांबलो होतो.

“करणी करून राहिला बे माह्या बागेवर!”

“नाही जी, मी त शब्द पाठ करून राहिलो.”

“आम्ही शाळेत पाढे पाठ केले. झाडाले बांधले काय?”

तेवढ्यात भाऊराव आले. त्यांनी रामाजीच्या हातून वही घेतली. म्हणाले, “जाळाची त जाळू. आधी पाहू. मी चिठ्ठी दाखवतो, चिंधू अर्थ सांगन, मी वहीत ताडतो. खोटं निघालं त वही जळली अन् चिंधू आजच बागेतून गेला. कबूल?”

रामाजी म्हणाला, “कबूल. पन चिठ्ठ्या माह्या बांधावरच्या.”

आणि करणीच्या नावानं निघालेल्या गड्याला सौंसरच काय, पांढुर्ण्यापर्यंत कोणी बागेत घेतलं नसतं. 

पहिली चिठ्ठी. “टल. म्हणजे दव.” भाऊरावांनी बोट फिरवत वहीत अक्षरं जुळवली. “बरोबर.” दुसरी, भाकर. तिसरी, अंजीर. चौथी, विहीर. दहा झाल्या, पंधरा झाल्या. रामाजीबरोबरची माणसं खाली बसली, एकानं तंबाखू मळायला घेतला. 

शेवटची चिठ्ठी रामाजीनं स्वतः तोडून आणली, अगदी त्याच्या हद्दीवरची. चिंधूनं ती पाहिली आणि गप्प झाला.

“बोल ना बे!”

  भाऊरावांनी वहीत शोधलं, एका ओळीवर त्यांचं बोट थबकलं, आणि पाहतो तर त्यांनी वही हळूच मिटली. चिंधूसारखा गडी त्यांना घालवायचा नव्हता. म्हणाले, “मध असंल. मधच ना रे, चिंधू?”

नुसती मान हलवायची होती! मी मनात म्हटलं, हलव रे बाप्पा, हलव.

“नाही, भाऊ,” चिंधू म्हणाला. “अर्बे. म्हणजे टोळ.”

टोळ! बागायतदाराच्या बांधावर, फळ गळत असताना, झाडाला टोळ बांधलेला! बसलेली माणसं ताडकन उठली. एकजण चिंधूच्या अंगावर धावलाच, भाऊराव मध्ये पडले. रामाजीनं भाऊरावांच्या हातातली वही हिसकली आणि काडी ओढली. मी पंपाचा पाना हातात घेतला, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही.

पण रामाजी जळती काडी धरून चिंधूकडं पाहतच राहिला. काडी बोटापर्यंत आली तशी त्यानं ती चिखलात टाकली आणि वही चिंधूपुढं धरली.

“भाऊनं वाट काढून देली होती तुले,” तो म्हणाला. “करणी करणारा ‘हो’ म्हणून सुटला असता. तू काहून नाही म्हटलं बे?”

चिंधू म्हणाला, “रामाजी, कोणत्या शब्दाचा खरा अर्थ काय, एवढ्यासाठीच त नऊ वर्सं झाले मी हे करून राहिलो. आज भीतीनं टोळाले मध म्हटलं असतं, त उद्या वाचतानी मलेच माह्या वहीचा भरोसा राहिला नसता.”