खोकल्यासकट

सीडी राइट करून द्यायचा माझा धंदा. कोल्हापुरात तो अजूनही थोडाफार चालतो. "आमच्या प्लेअरवर चालंल न्हवं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. म्हणून काउंटरवर एक जुना प्लेअर ठेवलाय. त्याचं झाकण रबर लावून बसवावं लागतं, आणि जरा कमी-जास्त झालं की तो सीडी घेतच नाही, असला खट. मी सगळ्यात कमी स्पीडला राइट करतो आणि गिऱ्हाइकासमोर सीडी त्या खटाला घालून दाखवतो. त्यानं वाजवली की ती कुठंही वाजते.

आवाज साफ करून देणं ही माझी खासियत. खरखर, पंख्याची घरघर, कुणाचं मधेच बोलणं, सगळं कम्प्युटरवर पुसून टाकायचं. नमुना म्हणून मी वडिलांची सीडी ऐकवायचो. वडील भजनात गायचे आणि त्यांची एकच कॅसेट होती. त्यात ते दोनदा खाकरले होते, आणि एकदा मधेच थांबून त्यांनी मला पाणी मागितलं होतं. ते सगळं काढलं, भावंडांना एकेक सीडी दिली. कॅसेटला बुरशी आली होती, ती टाकून दिली.

चार-पाच वर्षांपूर्वी कागलच्या पलीकडून एक बाई आल्या. नवरा जाऊन महिना झालेला. पिशवीतून त्यांनी त्याचा मोबाइल काढला. त्यात एक व्हिडिओ होता, नवरा गोठ्यात येतोय, म्हशीची धार काढतोय आणि तिच्याशी बोलतोय.

"म्हस पान्हा चोरतीया दादा," त्या म्हणाल्या. "मालकांबिगर कुणाला हात लावू देत न्हाय. पोरगा म्हणतोय, रविवारी बाजारात न्यायची. त्यांनी रेडकापासनं वाढवलीया तिला. मला न्हाय इकायची. त्यांचा आवाज ऐकला तर दूध सोडंल ती."

"मग मोबाइलच लावायचा की."

"त्यो बारीक वाजतोय, कान बी हलवत न्हाय ती. गोठ्यात त्यांचा गाण्याचा प्लेअर हाय. त्यावर वाजाय पायजे."

म्हशीसाठी सीडी मी तोवर केली नव्हती. पण काम ते काम. आवाज काढून घेतला आणि हात शिवशिवले म्हणून साफही केला. बादलीची आदळआपट घालवली, कुत्रं घालवलं, माणूस खोकत होता तेही घालवलं. राहिला तो नुसता बोलणारा आवाज, स्वच्छ. खटानं पहिल्या झटक्यात वाजवली.

शुक्रवारी बाई परत आल्या.

"प्लेअरवर चालली का न्हाई?" मी आधीच चढ्या आवाजात विचारलं.

"चालली की. म्हस ऐकत न्हाय."

"आक्का, मी प्लेअरची गॅरंटी दिलीया. म्हशीची न्हाय."

त्या चिडल्या नाहीत. "परत एकदा लावा," एवढंच म्हणाल्या. मी खटावर लावली. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "ह्यात मालक खोकत न्हाईत."

"ते मी काढलंय. साफ केलंय."

"गोठ्याच्या दारात खोकायचे, मग बादली आपटायची, मग बोलायचं. रोजचं होतं त्यांचं. तुम्ही दारातनं येऊच दिलं न्हाय त्यांना."

मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या कामाला नावं ठेवलेली मला चालत नाहीत. पण रविवार परवावर आला होता. मोबाइल मागून घेतला आणि जसं होतं तसं राइट केलं, खोकल्यासकट, कुत्र्यासकट. खटाला घातली. पहिला खोकला वाजला आणि बाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात त्या दुधाची किटली घेऊन आल्या. म्हैस विकली नव्हती.

"सीडी लावली, मालक खोकले, तिनं मान वळीवली," त्या म्हणाल्या. "मी बी वळीवली दादा. दाराकडं बघितलं की मी."

दूध ठेवून त्या एसटी गाठायला निघून गेल्या. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मी वडिलांची सीडी काढून खटावर लावली. दुसऱ्या अभंगानंतरची ती जागा मला पाठ आहे, तिथंच ते थांबले होते. आता ते तिथं थांबत नाहीत, सरळ पुढचा अभंग धरतात. मी मागं नेऊन चार वेळा ऐकलं. फार वाईट वाटलं.

नमुना म्हणून ती सीडी मी नंतर कुणाला ऐकवली नाही. चालते अजून, कुठल्याही प्लेअरवर चालते. फक्त त्यात मला कुणी पाणी मागत नाही.