उत्तरेकडच्या तळ्यांतले जंत आणि जबल अलीचे आम्ही

चार माणसं जमली की नोकरीतले किस्से निघतातच. इतरांचे असतात साहेबांचे, प्रमोशनचे. माझे सुरू झाले की लोक हातातली प्लेट खाली ठेवतात! त्याला मी काय करू? नव्वदच्या दशकात दुबईच्या जबल अली बंदरात आमची कंपनी पार फिनलंडकडच्या तळ्यांतले फ्रोझन मासे मागवायची, हॉटेलांसाठी. त्या माशांत जंत आहेत का, असले तर कुठले, हे बघायचं काम माझं. झूलॉजीत एम.एस्सी. करून पुण्याहून दुबईला आले, ती माशांची पोटं फाडायला!

लॅबमध्ये आम्ही तिघं. मी, मिलिंद नावाचा ठाण्याचा लाजाळू मुलगा आणि आमचे साहेब डॉ. आर्तो. साहेब फिनलंडचे, तळ्याकाठीच वाढलेले. कुठल्या तळ्यातल्या कुठल्या माशात कुठला चपटा कृमी राहतो, हे त्यांना नातेवाइकांच्या पत्त्यांसारखं पाठ!

माझ्या पहिल्याच आठवड्यात पाइक नावाच्या एका लांबोडक्या माशाच्या आतड्यातून हातभर, पेरापेरांचा पट्टकृमी निघाला. मी किंचाळले, "ईऽऽ!"

आर्तो धावत आले, वाकून बघितलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स!"

*

आमचे मॅनेजर अबू सालेम, इथलेच अमिराती. कंटेनर आला की ते लॅबच्या दारात उभे. मासे पास झाल्याशिवाय माल हलायचा नाही, म्हणून त्यांचा जीव टांगणीला.

"नो वर्म, इन्शाल्ला," ते म्हणायचे.

आर्तोंना प्रत्येक तळ्यातल्या कृमींचे नमुने जमवायचा नाद. तेही सुरी परजत म्हणायचे, "न्यू वर्म, इन्शाल्ला!"

मिलिंद हळूच मला म्हणाला, "वैजूताई, वरच्याने ऐकायचं तरी कुणाचं?"

*

एकदा एका हॉटेलच्या शेफचा फोन. माशांचे डोळे पांढरट आहेत, माल शिळा आहे, परत घ्या!

आर्तोंनी त्याच मालातल्या एका माशाचा डोळा कापून आम्हाला दाखवला. आत बारीक बारीक कृमी. ते म्हणाले, "मासा ताजाच आहे. ह्या कृमींमुळे त्याला मोतीबिंदू होतो. मग त्याला दिसत नाही, तो वर वर पोहतो आणि पक्षी त्याला खातो. कृमीला जायचंच असतं पक्ष्याच्या पोटात!"

अबू सालेम भारावून गेले. फोन उचलून शेफला म्हणाले, "हबीबी, फिश इज फ्रेश! ओन्ली नीड स्पेक्टकल्स!"

माल परत आला तो आलाच. पण दुसऱ्या दिवशी अबू सालेम गुपचूप लॅबमध्ये आले आणि दार लावून म्हणाले, "डॉक्टर, मला दोन दिवस सगळं धुरकट दिसतंय. मीही वर वर पोहायला लागलो का?"

आर्तोंनी त्यांचा चष्मा काढला, आपल्या शर्टाला पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला.

"खलास? झालं?" अबू सालेमनी विचारलं.

"खलास."

*

माझी मुलगी मृण्मयी तेव्हा सात वर्षांची. शाळेत टीचरनी विचारलं, आई काय करते? ही उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "शी फाइंड्स वर्म्स इन फूड!"

तिच्या वाढदिवसाला मी हौसेने सुरमई तळली. पोरं एकमेकांकडे बघत नुसते वेफर्स खात बसली. रात्री लेक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, कॅन यू प्लीज वर्क इन अ बँक?"

*

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. "साहेबांना आपलं काहीतरी गोडधोड दे गं," म्हणून त्यांनी शेवयांची खीर करून दिली.

आर्तोंनी डबा उघडला. बराच वेळ आत बघत राहिले. मग चिमट्याने एक शेवई उचलली, काचेवर ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"नो सेगमेंट्स, पेरं नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. "वुई कॅन ईट."

आणि डबा एकट्याने संपवला!

*

मिलिंदचं लग्न जमलं तेही लॅबमध्येच. मुलगी शुभांगी, इथेच वाढलेली. तिचे वडील जोशीकाका अल कुसैसला राहायचे. "मुलगा नक्की करतो काय, ते डोळ्यांनी बघणार!" म्हणून सहकुटुंब जबल अलीला आले. मिलिंद घामाघूम. आधीच्या दोन मुलींनी 'जंत' हा शब्द ऐकूनच नकार कळवला होता, आणि ही त्याला मनापासून आवडली होती.

आर्तोंना कुणीतरी सांगितलं की हे लग्नाचं बघायला आलेत. ते खूश! त्यांनी आपली ठेवणीतली स्लाइड काढली. ब्रीम नावाच्या माशाच्या कल्ल्यातला कृमी. दिसायला फुलपाखरासारखा, पण खरं तर ते दोन कृमी एकमेकांना चिकटलेले.

"लहानपणी दोघं भेटतात," आर्तो सांगत होते आणि काकूंसाठी मी मराठीत सांगत होते. "भेटले की चिकटतात. मग शरीरंच एक होतात. मरेपर्यंत सुटत नाहीत. आणि ज्याला जोडीदार भेटत नाही, तो मोठाच होत नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "किती गं छान!"

मिलिंद पहिल्यांदाच हसला.

शुभांगी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाली, "ह्यातला नवरा कुठला?"

"बोथ आर बोथ," आर्तो म्हणाले.

"ओके. देन हू कुक्स?"

"नोबडी! दोघं मिळून माशाचं रक्त पितात. जन्मभर!"

मिलिंदने डोळे मिटले.

जोशीकाकांनी चष्मा वर केला, वाकून स्लाइड नीट बघितली, मग मुलीकडे बघितलं, मग मिलिंदकडे. आणि शांतपणे म्हणाले, "आणि मासा म्हणजे मी, असंच ना?"