पालथं टाकलेलं पान

कागदाच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन बारीक भोकं दिसली, की आजही माझं बोट आपोआप तिथं जातं. बायको म्हणते, रिटायर झालात ना, मग लाइटचं बिल बिलासारखं बघा, मुद्देमालासारखं नको. आता काय करणार! त्या भोकांनी मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं, आणि दुसरीतून वाचवायला त्यांना उशीर झाला. दोन्ही सांगतो. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

तेव्हा मी लातूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत क्लासेसचा भाग. मुखेड, देवणी, हदगाव, कुठून कुठून आलेली लेकरं तिथं डॉक्टर व्हायला राहतात. जिथं क्लास तिथं मेस, आणि जिथं मेस तिथं झेरॉक्सचं दुकान. एका क्लासचे संचालक तक्रार घेऊन आले. त्यांनी स्वतः छापलेलं प्रश्नांचं जाडजूड पुस्तक होतं, फक्त त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळणारं. पुस्तक बाहेर दिलं तर प्रवेश रद्द, असं प्रत्येकाकडून लिहून घेतलेलं. आणि त्याच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती नांदेडला राजरोस विकल्या जात होत्या.

गुन्हा दाखल केला. कॉपीराइटचा गुन्हा दखलपात्र आहे, थेट अटक करता येते, हे बऱ्याच झेरॉक्सवाल्यांना माहीतच नसतं. दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एका माणसानं खबर दिली. "चौकातल्या झेरॉक्समधली बाई करून राहिली हे सगळं. बघा जाऊन." नाव विचारलं तर फोन ठेवला.

मी एका हवालदाराला साध्या कपड्यांत, तेच पुस्तक देऊन, बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. अर्ध्या तासात गडी तोंड पाडून परत आला.

"काय झालं?"

"साहेब, मलाच झापलं तिनं. म्हटलं, ताई, आख्खं पुस्तक काढून द्या, पोरासाठी पायजे. तर म्हणती, दहा पानं काढून देते, आख्खं न्हाई. म्हटलं, जास्तीचे पैसे घ्या. तर म्हणती, पैशाचं न्हाई भाऊ, ज्यानं लिहिलं त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? मागं एक पालक उभे होते, ते बी भांडून गेले. त्यांना बी न्हाईच म्हटली."

तिनं काढून दिलेली दहा पानं त्यानं टेबलावर ठेवली. डाव्या कोपऱ्यात तिरकी पिन मारलेली. पंख्यानं पानं उडतात म्हणून ती कुणालाही सुटे कागद देत नसे. कायद्यात असा दहा पानांचा हिशेब कुठं लिहिलेला नाही, तो तिनं आपल्या मनानं ठरवलेला होता. रोज पन्नास माणसांना नाही म्हणायचं आणि शिव्या खायच्या, हे सोपं काम नाही. पण मी तेव्हा एवढंच म्हटलं, "पक्की आहे. अनोळखी माणसाला ताकास तूर लागू देत नाही."

चौथ्या दिवशी तोच आवाज. "आज चारच्या नांदेड गाडीनं माल चाललाय. काउंटरखाली हाय, वर्तमानपत्रात बांधलेला."

तीनला आम्ही दुकानात. काउंटरखाली खरंच गठ्ठा. सोडला तर त्याच पुस्तकाचे वीस संच. ती बाई, वय असेल चाळिशीच्या आसपास, डोक्यावर पदर, हात शाईनं काळे, नुसती बघतच राहिली. मालक उदगीरला लग्नाला गेलेला. त्यानं फोनवरच हात झटकले, "बाई परस्पर काय करती मला काय ठाऊक?" पंच म्हणून मी शेजारच्या बाइंडिंगवाल्याला बोलावलं. इतक्या हौसेनं पंचनाम्यावर सही करणारा माणूस मी नोकरीत क्वचितच पाहिला. साधारणपणे पंच म्हटलं की लोक मागच्या दारानं पळतात. तिथंच मला शंका यायला हवी होती. ती बाई काही बोलायला गेली, तर मी खेकसलो, "जे सांगायचं ते ठाण्यात!"

ठाण्यात महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"गठ्ठा कुणाचा?"

"बाजूच्या बाइंडिंगवाल्या भावानं ठेवला साहेब. नेहमी ठेवतेत. गाडीला जाताना नेतो म्हणतेत."

"वा! तो माझा पंच आहे. त्यानं सही केली म्हणून आता त्याच्यावर ढकलता?"

"खोटं बोलून मला काय मिळायचं साहेब?"

"आत काय आहे ते कधी बघितलं नाही?"

"दुसऱ्याचं गाठोडं कशाला सोडायचं? मी तर झेरॉक्सला आलेलं पान बी वाचत न्हाई. लोकं दवाखान्याचे कागद आणतेत, कोर्टाचे आणतेत, काडीमोडाचे आणतेत. पान पालथं टाकायचं, झाकण लावायचं, काढून द्यायचं. बस."

मला हसू आलं. तीस वर्षं माणसं वाचण्यात घालवलेला मी, आणि ही मला न वाचण्याची फुशारकी सांगतेय! मी एक संच तिच्यापुढं आदळला. "आज वाचा. उघडा."

तिनं पानं उलटली. एक, दोन, पाच, सहा. एका पानावर तिचा हात थांबला. बराच वेळ ती ते पान बघत राहिली. मग पुस्तक हळूच मिटलं आणि पदर सारखा केला.

"साहेब, मीच केलं. त्या भावाचं नाव मी उगंच घेतलं. लिहून घ्या."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे शिकाऊ फौजदारालाही कळतं. पण कबुली ऐकताना अंगात जी गुर्मी चढते ती वेगळीच. चहा मागवला. आणि माझी ती दुसरी चूक केली: संचालकांना फोन लावला. "आरोपी सापडली. कबूलही झाली."

कोण आहे ते ऐकल्यावर ते म्हणाले, "अरे देवा! तिची मुलगी आमच्याकडंच आहे, फीमध्ये सवलत दिलीय. आईच चोर निघाली म्हणजे... आजच काढतो तिला."

तिला मुलगी आहे, हे मला तेव्हा कळलं. परीक्षा तोंडावर आलेली. 'थांबा' हा एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही. लाज वाटते सांगताना, पण नाही बोललो.

पाच वाजून गेले. महिला हवालदार आत आल्या. "साहेब, दिवस मावळायच्या आत अटक दाखवावी लागंल. नंतर बाईमाणसाला अटक न्हाई करता यायची." मी फॉर्म भरायला घेतला. तेवढ्यात मुद्देमालाला नंबर टाकत बसलेला रायटर कुरकुरला, "काय भिकार झेरॉक्स काढलीय साहेब, पानापानावर काळे ठिपके!"

"कुठं?"

"हे बघा, डाव्या कोपऱ्यात. दोन दोन."

मी बघितलं. पहिल्या दहा पानांवर दोन ठिपके, एकाच जागी. अकराव्या पानापासून तेच ठिपके थोडे खाली. एकविसाव्यापासून जरा आत. प्रत्येक दहा पानांना जागा बदललेली, तिरकेपणा मात्र तोच. ड्रॉवरमधून हवालदारानं आणलेली दहा पानं काढली, पिन उपटली आणि बाजूला ठेवून बघितली. तिरकी पिन, डाव्या कोपऱ्यात, दोन भोकं. ते ठिपके म्हणजे पिनेची भोकं होती!

माझा पेन हातातच राहिला. अर्थ सरळ होता. कुणीतरी हे आख्खं पुस्तक तिच्या काउंटरवरून दहा-दहा पानांनी काढून नेलं होतं. मग त्या गड्ड्यांच्या पिना उपसून, त्यांच्यावरून विकायच्या प्रती काढल्या होत्या. आता मला सांगा, ही बाई चोर असती, तर दिवसभर मशीन तिच्याच ताब्यात होतं. ती कशाला दहा-दहा पानं काढील, कशाला पिना मारील आणि कशाला उपटील? स्वतःचा नियम पाळून चोरी करणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

मग कबूल का झाली? ती थांबली होती ते पान मी उघडलं. समासात पेन्सिलीनं, गोल अक्षरात, तीनच शब्द होते: 'आईला सांगणे आहे'. पुढं पाहिलं, तर अवघड प्रश्न दिसला की शेजारी तेच.

मी पुस्तक घेऊन तिच्याकडं गेलो. या वेळी आदळलं नाही. "ताई, हे अक्षर कुणाचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "साहेब, पाया पडते. मला आत टाका, पोरीचं नाव लिहू नका. तिला क्लासातून काढतील."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरगी रोज संध्याकाळी आईला धडा समजावून सांगायची. सांगितलं की पाठ होतं म्हणायची. ही भाकरी थापता थापता हाव, हाव म्हणायची. शेजारी खोली करून राहणाऱ्या, दुसऱ्या क्लासच्या तीन मैत्रिणींना ते पुस्तक अभ्यासाला हवं होतं, तर पोरीनं दिलं. त्या बिचाऱ्या मुली आईच्या नियमाप्रमाणं रोज दहा-दहा पानं काढून घ्यायला काउंटरवर आल्या. आणि आईनं आपल्याच लेकीचं पुस्तक, आपल्याच हातानं, सगळंच्या सगळं काढून दिलं. पान पालथं टाकत होती ना! लेकीचं अक्षर तिला पहिल्यांदा दिसलं ते माझ्या टेबलावर, मी जबरदस्तीनं वाचायला लावलं तेव्हा.

"त्या मुलींनी पुढं पानांचं काय केलं?"

"बाजूलाच बाइंडिंगला टाकले असतील. सगळेच तिथं टाकतेत."

अटकेचा फॉर्म मी तिच्यासमोर फाडला आणि माझ्या हौशी पंचाला बोलावणं धाडलं. आला तो पान चघळतच. "बोला साहेब, आणखी सही पायजे का?"

"सही नको. बाइंडिंगच्या आधी कागदाच्या पिना कोण काढतं?"

"मीच. नखानं."

"मग ही भोकं मोज."

पानावर बोट फिरवताना त्याचं चघळणं थांबलं. तरी म्हणाला, "माझ्याकडं मशीन कुठाय साहेब?"

"दुकानात नाही. घरी?"

मी पुढं सरकलो. "आणि गठ्ठा वर्तमानपत्रात बांधलाय, काउंटरखाली आहे, चारच्या गाडीचा आहे, हे ज्यानं बांधला त्यालाच माहीत असणार. दोनदा फोन केलास. आता तिसऱ्यांदा समोर बसून बोल."

त्याच्या घराच्या मागच्या खोलीत मशीन सापडलं. शेजारी पिना उपसलेले दहा-दहा पानांचे गड्डे, पेन्सिलीच्या अक्षरासह. मुलींना 'गर्दी आहे, उद्या या' म्हणून त्यानं ते एक दिवस जास्त ठेवून घेतले होते. आधी त्यानं या बाईकडंच पुस्तकाच्या प्रती ठोकात काढून मागितल्या होत्या. तिनं चार गिऱ्हाइकांदेखत त्याला हाकलला. तो राग होताच, आणि क्लासवाले शोध घेतायत हे कळल्यावर वीस संचांवर पाणी सोडून त्यानं तिचा काटा काढायचं ठरवलं.

मी तडक क्लासवर गेलो. उशीर झाला होता. संध्याकाळच्या बॅचमध्ये सगळ्यांसमोर उभं करून, आईचं नाव घेऊन, पोरीला बाहेर काढून झालं होतं. संचालक खजील झाले, उद्यापासून पाठवा म्हणाले. मग व्यवहारी माणूस जागा झाला. "पण साहेब, मूळ पुस्तक कुणाचं होतं? नियम म्हणजे नियम."

"तुमचा नियम तुमच्या कागदावर. माझा गुन्हा विकणाऱ्यावर आहे, अभ्यास करणाऱ्यावर नाही."

"तरी नाव..."

"नाही सांगणार," मी म्हटलं, आणि उठलो. दोषारोपपत्रात 'एका विद्यार्थिनीचे पुस्तक' एवढंच लिहिलं. वरिष्ठांनी त्यावर शेरा मारला, तो मी मुकाट्यानं गिळला.

त्या कागदांच्या प्रती काढायच्या दिवशी ठाण्याचं मशीन बंद पडलं. हवालदार नेमका तिच्याच दुकानात गेला. परत येऊन मला म्हणाला, "साहेब, बाई अजब हाय. म्हटलं, ताई, हे तुमचंच प्रकरण हाय, पोरीबद्दल साहेबांनी काय लिहिलंय बघा तरी. तर म्हणती, कागद तुमचा हाय भाऊ. पालथं टाकलं, काढलं, पिन मारली, दिलं." दहा पानांचा नियम तिनं आमच्यासाठी मोडला होता, सरकारी कागद म्हणून.

नोकरीनं मला शिकवलं की पोलिसानं सगळं वाचलं पाहिजे. त्या बाईनं शिकवलं की वाचलेलं सगळंच लगेच बोलून टाकायचं नसतं. मी एक फोन उशिरा केला असता तरी चाललं असतं.

बदली झाल्यावर नांदेडला निघताना मी स्वतः तिच्या दुकानात गेलो. सेवापुस्तकाच्या प्रती काढायच्या होत्या, पण खरं कारण ते नव्हतं. तिनं खुर्ची दिली, चहा सांगितला. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही.

"पोरगी कशी आहे?"

"बरी हाय साहेब. परीक्षा चांगली गेली म्हणती."

"अजून सांगते का धडे, संध्याकाळी?"

तिनं झाकण उचललं, माझं पान पालथं टाकलं आणि झाकण लावलं.

"न्हाई साहेब. त्या दिवसापासून मनातल्या मनात वाचती. पुस्तकात बी काही लिहीत न्हाई. मी म्हटलं, सांग की गं, मला आवडतंय. तर म्हणती, आई, तू माझं अक्षर ओळखलंस म्हणून तुला न केलेला गुन्हा अंगावर घ्यावा लागला."

मशीनमधून पान बाहेर आलं. तिनं ते बाकीच्यांवर ठेवलं, कोपरा जुळवला आणि तिरकी पिन मारून माझ्या हातात दिलं.