युअर मॅन आणि आमची परांची

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या ऑफिसात धूळ आणि किस्से दोन्ही साचतात. धूळ निदान झटकता येते!

डब्लिनच्या अशाच एका ऑफिसात मी २००९ साली लागले. मंदी जोरात होती. वर्षभरात उरलो दोघंच, बॉस डेक्लन आणि मी. काम एकच, एका व्हिक्टोरियन कॅथीड्रलच्या मनोऱ्याची दुरुस्ती. ते बांधणाऱ्या आर्किटेक्टला डेक्लन 'युअर मॅन' म्हणायचा. आयर्लंडमध्ये 'तो आपला बाबा' अशा थाटात कुणालाही तसं म्हणतात. आमच्याकडे मात्र तो मान याच दिवंगत गृहस्थांचा!

*

युअर मॅननं स्पर्धा जिंकली तेव्हा तो अगदी तरुण होता. बिशपना वाटलं, पोरगं ऐकेल. त्यांनी मनोरा जरा बुटका करायला सांगितला. यानं उलट कळवलं, "जरूर. आपणही प्रार्थना अर्धीच म्हणत जा!" मनोरा उंचच राहिला.

*

एकदा त्यानं बांधून झालेली अख्खी कमान पाडायला लावली. मुकादम वैतागला, "एवढीशी चूक खालून कुणाला दिसणार?"

"मला दिसली ना!"

*

म्हातारपणी त्याची सगळी पत्रं बायको लिहायची. कारण साधं होतं. यानं लिहिलेल्या पत्रांनी हातची कामं जायची!

*

आता माझं. मला उंचीची भयंकर भीती. मनोऱ्याभोवती कामासाठी बांधलेली परांची नुसती बघितली तरी मी खालूनच मागे फिरायचे. सांगावं तर नोकरी जायची, आणि नवऱ्याची आधीच गेलेली. मग काय, दोन वर्षं कारणं दिली. गुडघा, सर्दी, चतुर्थीचा उपास! डेक्लन दर वेळी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिकडचं 'हरकत नाही', म्हणत साठीत स्वतः चढायचा आणि फोटो काढून आणायचा. त्यावरून मी एकेका दगडाचं ड्रॉइंग करायचे. भल्या माणसाला फसवतेय, याची फार लाज वाटायची.

*

काम संपलं. आता छताचं काम आम्हाला द्यायचं की नाही, हे तिथले मुख्य फादर ठरवणार होते. माझी ड्रॉइंग्ज चाळत त्यांनी मला कौतुकानं विचारलं, "वरून कसं दिसतं हो?"

खोटं बोलवेना. "फादर, मी कधी वर गेलेच नाही. भीती वाटते."

फादर डेक्लनकडे बघायला लागले.

"युअर मॅनही कधी गेला नव्हता," डेक्लन शांतपणे म्हणाला. "त्यालाही भीती वाटायची."

"असं? कुठे लिहिलंय?"

डेक्लननं खिशातून पेन काढलं. "इमारतीच्या इतिहासाचा आमचा रिपोर्ट अजून पुरा व्हायचाय, फादर."