तापलेला लॅपटॉप आणि आमचे मिस्त्री

आमच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या मिस्त्रींनी मला फसवलं. मी हमालीपासून सुरुवात करून गुळाची अडत उभी केली; शाहूपुरीत आजवर एकाही माणसाला माझ्या डोळ्यांत धूळ फेकता आली नाही. मिस्त्रींनी एका शब्दात फेकली, आणि भांडायला मागं राहिलेही नाहीत. उन्हाळ्यात गेले.

त्यांच्याइतका हेकट कारागीर कोल्हापुरात दुसरा नसेल. लॅपटॉप तापतोय म्हणून कुणी आलं की ते स्क्रूला हात लावत नसत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात आधी यंत्राच्या पोटाला लावत. मग कुठं ठेवता, किती वेळ चालवता, पंखा कधी ओरडतो, अशी उलटतपासणी. कागलच्या एका गुरुजींनी अंथरुणात वाकळेवर ठेवून चालवतो असं कबूल केलं, तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्याच मफलरनं त्यांचं नाकतोंड गुंडाळलं. "कसं वाटतंय? ते बिचारं खालनं वारं घेतंय, अन् तुमी त्याचं नाक दाबून बसलाय!" गुरुजी जाताना बाजारातनं लॅपटॉपखाली ठेवायला लाकडी पाट विकत घेऊन गेले.

माझा लॅपटॉप आठ वर्षांचा. अर्ध्या तासात मांडीवर धरवेना इतका तापायचा आणि धाडकन बंद पडायचा. नवा घ्या, असं सगळे म्हणत. मिस्त्रींनी उघडला, तर पंख्यात धुळीचा जाड थर, वर हळदकुंकू आणि तांदळाचे दाणे. लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या जागी मी लॅपटॉपच मांडतो, आणि अक्षता टाकताना हात आखडत नाही.

"शेठ, लक्ष्मी प्रसन्न व्हायची ऱ्हाऊ द्या, ह्येचा जीव गुदमारतोय की!"

"मग पूजा करायची न्हाय व्हय?" मी उखडलो.

"करा की. मिटून ठेवा, अन् अक्षता लांबनं दावा."

मजुरीवरून मी भरपूर घासाघीस केली. तेवढ्या वेळात त्यांनी पंखा ब्रशनं साफ केला, आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली, आणि पहिलाच आकडा पुन्हा सांगितला. वर, दोन तास चालवून गार राहतोय हे बघितल्याशिवाय न्यायचा नाही, म्हणून मला दुकानातल्या स्टुलावर चहा पाजत बसवून ठेवलं. पुढं लॅपटॉप तापत नसला तरी मी त्या स्टुलावर जाऊन बसू लागलो. माझ्यावर उलट ओरडणारा तेवढा एकच माणूस होता.

शेवटचा गेलो तेव्हा डोक्यावर पंखा असून ते घामानं भिजले होते. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"दवाखान्यात दावा की, मिस्त्री."

"पित्त हाय ओ. सोडा प्यालो की जातंय."

मी बरं म्हणून उठलो. चार दिवसांनी दुकानाचं शटर बंद दिसलं. त्यांच्या घरी गेलो, तर वहिनी म्हणाल्या, दोन महिने छातीत दुखत होतं, कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली होती, तीही खिशातच सापडली.

ढेपेत सुरी घालून आतला गूळ बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही. सख्ख्या भावाचाही पहिला शब्द कधी धरला नाही. तुमचा धरला. त्या दिवशी तुम्हाला ओढून रिक्षात का घातलं नाही, ते माझं मी भोगीन. पण मिस्त्री, पित्त म्हणालात ना मला? तोंडावर खोटं बोललात ना?

बोला की आता.