बाई एकच, नावं दोन

गौरव अंकातले लेख मी नेहमी संशयाने वाचते. माणूस साठ वर्षांचा झाला की एकदम देवमाणूस होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून अंगणवाडी सेविका विमलबाईंच्या साठीनिमित्त लिहायला सांगितलं, तेव्हा मी संपादक मंडळींना आधीच बजावलं, की जे डोळ्यांनी पाहिलं आणि तपासून घेतलं तेवढंच लिहीन. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी उभी हयात दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. संशय हा माझा स्वभाव म्हणा, नाहीतर पगारच त्याचा होता म्हणा.

विमलबाईंची पहिली भेट झाली ती अहमदपूर तालुक्यातल्या त्यांच्या अंगणवाडीत. मी न कळवता गेले होते. दारातूनच टेबलावरची वही दिसली. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. अशी वही दिसली की मला हमखास काहीतरी काळंबेरं वाटतं. मी आत शिरून पोरं मोजणार, तोच बाई दारात आडव्या आल्या आणि आधी ओळखपत्र दाखवा म्हणाल्या. मागे कुणीतरी साहेब म्हणून आला होता आणि बायांचे आधार क्रमांक उतरवून घेऊन गेला होता. तेव्हापासून त्या कुणालाच आत सोडत नव्हत्या. माझं ओळखपत्र पर्समध्ये सापडेना. माझ्याच हद्दीतल्या अंगणवाडीच्या पायरीवर मी चांगली दहा मिनिटं उभी होते. राग आला, आणि ही बाई पक्की आहे हेही कळलं.

त्यांचा संशय माझ्यापेक्षा वरचढ होता. गरोदर बाईला घरपोच आहाराची पाकिटं दिली म्हणजे काम झालं, असं आम्ही सगळे धरून चालायचो. विमलबाई धरत नसत. एकदा मी सोबत असताना त्या एका घरी गेल्या, सुनेची विचारपूस केली आणि निघताना सरळ गोठ्यात जाऊन म्हशीच्या घमेल्यात हात घातला. पीठ बोटांवर घेऊन वास घेतला. मग सासऱ्यांना अगदी मर्यादेने म्हणाल्या, "मामा, यादीत सूनबाईचं नाव हाय. म्हशीचं न्हाई." मामांनी टोपी सारखी केली. त्यानंतर ती सून रोज अंगणवाडीत येऊन बाईंच्या समोर बसून खायची.

आता जे लिहायचं ते माझ्याबद्दल आहे. गौरवलेखात लेखकाने स्वतःची चूक सांगू नये म्हणतात. मी सांगणार.

त्यांच्या गावात राधिका नावाची सून पहिल्या बाळंतपणाला बिलोलीला माहेरी गेली आणि मुलगी घेऊन परत आली. मुलगी सात महिन्यांची, अंगाने काटकुळी. विमलबाईंनी आईचं नाव लावून मुलीच्या आहाराचा अर्ज भरला. इकडे कार्यालयात माझ्या हातात संशयित नावांची यादी आली. एकाच मोबाइल क्रमांकावर दोन नावं होती, बिलोलीत अनुसया आणि इकडे राधिका. मला वाटलं, सापडली चोरी. विमलबाईंची ती स्वच्छ वही डोळ्यांपुढे आली आणि मी मनात म्हटलं, बरोबर, बोगस नावं भरणाऱ्यांच्याच वह्या अशा असतात. गावात जाऊन बघायचे कष्टही घेतले नाहीत. खुर्चीत बसून राधिकाचं नाव खोडलं आणि शेरा मारला.

सव्वा महिना गेला. एके दिवशी दुपारी विमलबाई एसटीने कार्यालयात आल्या, सोबत ती आई आणि मुलगी. भांडतील म्हणून मी तयारीत बसले होते. त्या भांडल्या नाहीत. पिशवीतून दंडाचा घेर मोजायची पट्टी काढली, मुलीच्या दंडाला लावली आणि माझ्यासमोर धरली. पट्टी लाल दाखवत होती, म्हणजे तीव्र कुपोषण. मग त्यांनी आईला विचारलं, माहेरी तुला काय म्हणत्यात? ती म्हणाली, अनुसया. आणि सासरी? राधिका.

"म्याडम," विमलबाई म्हणाल्या, "बाई एकच हाय, नावं दोन हायत. तुम्ही नाव न्हाई खोडलं, लेकराचं ताट खोडलं."

तरी मी पुरावा मागितला. मूल उसनं आणलं नसेल कशावरून, असंही मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. दुसऱ्या दिवशी मी बिलोली गाठली. मुलीच्या आजीने अनुसयेची लग्नपत्रिका दाखवली आणि म्हणाली, सासरचं नाव तर लग्नात तांदळात लिहिलं, त्याचा कागद कुठून आणू? तिथल्या सेविकेने सांगितलं, लेकुरवाळी सासरी गेली म्हणून पाकिटं थांबवली, नाव काढायचं तेवढं राहून गेलं. म्हणजे तिथे नाव होतं पण आहार नव्हता, आणि इथे भुकेलं लेकरू होतं, त्याच्या आईचं नाव मी खोडलं होतं. त्याच दिवशी नोंद इकडे वळवून घेतली.

मुलगी सावरायला पुढचा सगळा हिवाळा लागला. पट्टी हिरवी आली त्या दिवशी विमलबाईंचा विश्वास बसेना. तीनदा मोजलं, पट्टी बदलून मोजलं, आणि मग मला फोन केला, की हिरवं आलंय, पण तुम्ही येऊन बघा. मी गेले, मोजलं. हिरवंच होतं. बाईंनी मला चहा दिला.

पुढे मासिक बैठकीत साहेबांनी ते नाव कुणी खोडलं ते विचारलं. विमलबाई एवढंच म्हणाल्या, की नावाचा घोळ होता, म्याडमनी निस्तरला. आता ही बाई कधीतरी याची किंमत मागणार, असं धरून मी कित्येक वर्षं वाट पाहिली. मागितली नाही. त्यांनी केलं इतकंच, की वहीत फूटपट्टीने आखून एक नवा रकाना पाडला: माहेरचं नाव. गावात सून आली की त्यांचा पहिला प्रश्न तोच. आज माझ्या हद्दीतल्या सगळ्या वह्यांत तो रकाना आहे, कुणाच्याही आदेशाशिवाय.

या अंकासाठी परिचय लिहून घ्यायला मी परवा त्यांच्या घरी गेले. जन्मगाव उमरी, शिक्षण दहावी, असं लिहीत गेले आणि सवयीने विचारलं, माहेरचं नाव? बाई म्हणाल्या,

"द्वारका. लगीन झाल्यापासून कुणी इच्चारलंच न्हाई हो, म्याडम."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी त्यांच्यासमोरच उमरीला त्यांच्या थोरल्या भावांना फोन लावला. भाऊ म्हातारे, कानाने कमी. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "द्वारके, जेवलीस का गं?" आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांची ताटं तपासणाऱ्या विमलबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, जेवले दादा.

विमलबाईंना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, आणि द्वारकाबाईंनाही. संपादकांना विनंती, की अंकात दोन्ही नावं छापावीत आणि एकही खोडू नये. बाई एकच आहे, मी खात्री केली आहे.