पांढरं तेल

"आधी मांड, मग बोल."

दिवसातून दहा वेळा ते हे म्हणत. सायकलचं चाक असो, शिवणयंत्र असो, उघडलेला प्रत्येक जिन्नस ते निघाला त्या क्रमानं बारदानावर मांडायचे. एक नट इकडचा तिकडे ठेवलेला त्यांना खपत नसे. "जसं निंघालं तसंच उलटं बसते," म्हणायचे. "मधात तोंड चालवलं का एखादा वायसर उरतेच."

मी त्यांना 'ते' म्हणतो आहे, हे ध्यानात घ्या. दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते कामाला होते तिथं बारा वर्षांत त्यांना कुणी अहोजाहो केलं नाही. ती उणीव निदान कागदावर तरी भरून निघावी. वस्तीत आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते मला 'पत्रकवाले' म्हणायचे. मी बावीस वर्षांचा होतो, पत्रकं छापून वाटत हिंडायचो, आणि मांडण्याआधी बोलणं हाच माझा धंदा होता.

लढाईच्या काळात दादा फौजेत मोटारी दुरुस्त करत. साहेबांच्या जीपगाड्यांची पोटं त्यांनी चिखलात लोळून उघडली आणि मिटवली. लढाई संपली, घरी आले आणि जिनिंगमध्ये लागले. कशावर? झाडूवर. फाटकापासून वजनकाट्यापर्यंतचं आवार झाडायचं. आवाराच्या टोकाला वर्कशॉप होतं. तिथं जमिनीत खड्डा होता, साखळीची कप्पी होती, भिंतीवर ओळीनं पाने टांगलेले होते. दादांना उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. वर्कशॉपचा हेडमिस्त्री अडला की आतून इंजिन चालू करायचा. दादा बाहेर झाडूवर हनुवटी टेकून ऐकायचे आणि सांगायचे, तिसऱ्याचा व्हॉल्व. पाना लागला तर हेडमिस्त्री तो जमिनीवर ठेवायचा. दादांनी उचलायचा. हाताला हात लागता कामा नये.

आम्ही दीक्षा घेतली. वस्तीतल्या घराघरांतले देव नदीत गेले. तो उंबरठा मात्र जागचा हलला नाही.

मग जिनिंगच्या शेठची काळी मोटार बिघडली. पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढंही जाईना, मागंही येईना. हेडमिस्त्रीनं दोन दिवस तिच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. तेव्हा मुनीम आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, गिअरबॉक्स उतरवायची, दुरुस्त करायची, चढवायची. पण सगळं तुझ्या घरी, वर्कशॉपात नाही.

"बसली तर लग्नानंतर तुले वर्कशॉपात घेतो, मिस्त्री म्हणून," तो म्हणाला. "शेठजीची जबान आहे."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. दादांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली. वैनी मला म्हणाल्या, "भाऊ, लग्न शेठच्या पोरीचं हाय का आमच्या घरचं?"

बैलजोडीनं मोटार ओढत आमच्या वस्तीत आणली. दादांच्या अंगणात कडुनिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला त्यांनी जुन्या मोटेचं चाक बांधलं आणि त्यावरून नाडा सोडला. ही त्यांची कप्पी. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवला आणि मला गाडीखाली घेतलं.

मी उताणा पडून त्यांना सांगत होतो की हे काम तुम्ही घ्यायलाच नको होतं; ते वर्कशॉप तुमच्या हक्काचं आहे, बक्षिसाचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगून झालं? आता पेटी धर. सरळ मांगं ओढाची. लटकू नको देऊ. लटकली तर बोलाले तू राह्यत नाहीस."

पेटी म्हणजे गिअरबॉक्स. पावणेदोन मण लोखंड माझ्या छातीवरून हातभर सरकलं, नाड्यावर तोललं गेलं, आणि माझं भाषण थांबलं.

आत एका चक्राचे दात मोडले होते. ते चक्र यवतमाळहून यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात त्यांनी बाभळीच्या लाकडाचा एक गोल दांडा तासला, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केला. क्लचची तबकडी नेमकी मध्यावर बसावी म्हणून आधी तो दांडा घालून पाहायचा, मग पेटी चढवायची. वर्कशॉपात यासाठी पोलादी दांडा होता. तो मागायला मी निघालो तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं. "ते जमिनीवर ठेवतीन, मंग मी वाकन. ह्या दांड्यापायी वाकाचं काम नाही."

पेटी पहिल्याच दमात बसली. त्यांनी मला आणि वैनींना मागं बसवून नदीपर्यंत गाडी नेली आणि आणली. चारही गिअर. वैनींनी डोक्यावरचा पदर दातांत धरून ठेवला होता. हसू येत होतं म्हणून की भीती वाटत होती म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता पुढचं ऐका.

गाडी जिनिंगच्या फाटकात गेली तेव्हा भटजी तांब्या घेऊन उभा होता. गोमूत्र आणि गंगाजल. बॉनेटवर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं, गाद्यांवर शिंपडलं. इथवर आमच्या ओळखीचंच होतं. पण हेडमिस्त्रीला आपली हुशारी दाखवायची होती. तो म्हणाला, बाहेरून धुऊन काय होणार, त्याचा हात तर आत लागला आहे. त्यानं पायाखालचा गालिचा उचलला, पेटीत तेल घालायच्या भोकाचं रबरी बूच काढलं, आणि भटजीनं अख्खा तांब्या त्यात ओतला. शेठनं हात जोडले. हे सगळं शेठच्या ड्रायव्हरनं पाहिलं; आम्हाला त्यानं ते सांगितलं फार उशिरा.

लग्नाच्या दिवशी पुसदच्या घाटात मोटार चढेना. इंजिन ओरडत होतं, चाकं जागेवर. नवरीला शालूनिशी बैलबंडीत बसवून आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी मुनीम वस्तीच्या तोंडाशी हजर. यांच्या हातचं कामच असं, म्हणाला, आणि वर्कशॉपचं नाव आता काढायचं नाही.

दादा एवढंच म्हणाले, "गाडी आणा."

पुन्हा बैल, पुन्हा नाडा. पेटी उतरली. त्यांनी खालचा नट सोडला आणि परातीत तेल पडलं. त्यांनी काळं तेल घातलं होतं. निघालं ते पांढरं, ताकासारखं, आणि त्याला वास येत होता तो तुम्हाला सांगायला नको. पातळ होऊन, फुगून ते क्लचवर उतरलं होतं. तबकडी तेलात न्हालेली. ती कशाला पकड घेईल?

मी कागद काढला. तासाभरात पत्रक लिहितो म्हणालो. शीर्षक तयार होतं.

"पत्रकवाले," ते म्हणाले, "आधी मांड."

त्यांना बारदान नको होतं. वैनी आत गेल्या आणि दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं घेऊन आल्या. घडी मोडली नव्हती. "हे न्या," म्हणाल्या. "बारदान त्याईच्या जिनिंगचंच हाय."

दुपारच्या भोंग्याला आम्ही पेटी बांबूला बांधून जिनिंगच्या फाटकातून आत नेली. दादांनी आवाराच्या मधोमध लुगडं पसरलं आणि पेटी खोलून मांडायला बसले. झाकण, चक्रं, शाफ्ट, कड्या, एकेक नट, निघाला त्या क्रमानं. क्लचची तबकडी. बाभळीचा दांडा. शेवटी पांढऱ्या तेलाची परात. पाळीचे गडी गोळा झाले. कुणी हसलं नाही. ड्रायव्हर परातीकडे पाहून स्वतःच्या चपलांकडे पाहू लागला.

शेठ आला. त्यानं परात पाहिली, भटजी कुठं दिसतो का ते पाहिलं, आणि म्हणाला, "ठीक आहे, झालं ते झालं. घरी ने आणि बसव."

"बसवतो," दादा म्हणाले. "वर्कशॉपात बसवतो."

"तुले सांगितलं ना, घरी," मुनीम म्हणाला.

"घरी दोनदा बसवली, मुनीमजी." खरं तर एकदाच बसवली होती; दुसऱ्यांदा नुसती उतरवली होती. पण कुणी त्यांची चूक काढली नाही. "आता घरी नाही."

वर्कशॉपचं दार उघडंच होतं, वीस पावलांवर. हेडमिस्त्री दारात उभा होता. शेठनं त्याच्याकडे पाहिलं, गड्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

दादा उठले. हात पुसले. झाडू कोपऱ्यात उभा केला होता, त्याच्याकडे गेलेच नाहीत. महिन्याभरात त्यांना सरकारी मोटारींच्या डेपोत काम मिळालं, दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. मिस्त्री म्हणून. वैनींनी जाताना माझ्याकडे लुगड्याची चौकशीसुद्धा केली नाही.

मी ते पत्रक लिहिलंच नाही. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळं आवारात मांडलेलं होतं. मोटार त्यांनी बैलांनी तशीच ओढून नेली; पण आमचा हात लागलेलं हे सुटं लोखंड त्यांच्यातलं कुणी उचलेना, आणि उचललं असतं तरी कोणत्या क्रमानं बसवायचं ते हेडमिस्त्रीला ठाऊक नव्हतं. झाडून काढायचं, तर ते आवार झाडणारा माणूस निघून गेला होता.

हंगाम सुरू होता. कापसाच्या बंड्या लुगड्याला वळसा घालून काट्याकडे जात, आणि उडालेला कापूस तेलकट चक्रांच्या दातांवर चिकटत राही.